होडीच्या फळीचा कौल

अ‍ॅल्युमिनियमची लहान मासेमारी होडी आणि तिच्या पाठीमागे अडकवलेली आउटबोर्ड मोटार यांचा संसार उत्तर अमेरिकेतील सरोवरांवर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे, परंतु या दोघांचे आयुर्मान सारखे नाही. गोड्या पाण्यात वापरलेला अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा चाळीस-पन्नास वर्षे सहज टिकतो, कारण त्याला गंज चढत नाही आणि ढिले पडलेले रिव्हेट पुन्हा ठोकून घट्ट करता येतात. मोटारीचे सिलिंडर, सील आणि गिअर मात्र त्याच्या कितीतरी आधी थकतात. त्यामुळे एकाच होडीच्या हयातीत तिच्या मालकावर दुसरी, क्वचित तिसरी मोटार निवडण्याची वेळ येते. पहिली मोटार बहुधा होडीबरोबरच आलेली असते, म्हणून खरा विचार प्रथमच करावा लागतो तो या बदलाच्या वेळी, आणि नेमक्या त्याच वेळी ‘किती अश्वशक्तीची घ्यावी’ हा एकच प्रश्न पुढे येऊन बाकीचे सगळे प्रश्न त्याच्या आड दडतात.

आउटबोर्ड म्हणजे इंजिन, उभा शाफ्ट, गिअरपेटी आणि पंखा ही सगळी यंत्रणा एकाच जुडग्यात बसवून होडीच्या बाहेरच्या अंगाला टांगलेली मोटार. ती ज्या उभ्या मागच्या फळीवर दोन दाबस्क्रूंनी पकडलेली असते, त्या फळीला ट्रान्सम म्हणतात. या लेखात तिला नुसते ‘फळी’ म्हटले आहे. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेतील मिलवॉकी येथे १९०९ मध्ये विक्रीला आणलेली मोटार अवघ्या दीड अश्वशक्तीची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांसाठी वाढलेला अ‍ॅल्युमिनियमचा उद्योग नागरी वापराकडे वळला, मिनेसोटा राज्यात अ‍ॅल्युमाक्राफ्ट आणि लुंड यांसारखे होडी बांधणारे कारखाने चाळीसच्या दशकातच उभे राहिले, आणि लाकडी होडीच्या तुलनेत निम्म्या श्रमात ओढता येणारी, गळती न लागणारी चौदा फुटी होडी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली. हलकेपणा हा या होडीचा मूळ गुण आहे, आणि पुढील सारा वाद कळत-नकळत याच गुणाभोवती फिरतो.

वादाच्या दोन बाजू येथे मिनेसोटात स्थायिक झालेल्या एका मराठी काका-पुतणीच्या तोंडी घातल्या आहेत. दहा एकरांहून मोठी ११,८४२ सरोवरे असलेल्या या राज्यात दोघांची मिळून एक चौदा फुटी होडी आहे, आणि तिच्यावरची ९.९ अश्वशक्तीची जुनी टू-स्ट्रोक मोटार आता दम टाकू लागली आहे असे मानावे. सिलिंडरमधला दाब मोजला तेव्हा एकात तो ११५ पौंड प्रति चौरस इंच भरला आणि दुसऱ्यात जेमतेम ८०. दोन सिलिंडरांच्या दाबात दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतला जातो. येथे तो तिपटीने ओलांडला आहे, म्हणजे दुखणे प्लग किंवा कार्बोरेटरचे नसून पिस्टनच्या कड्यांपर्यंत पोचलेले आहे.

काकांचा पहिला आग्रह असा की, अशीच दुसरी जुनी टू-स्ट्रोक शोधावी किंवा हीच उघडून कडी बदलावी. “टू-स्ट्रोक म्हणजे काय, हे नीट पाहिलेस तर आग्रह कशासाठी आहे ते कळेल,” ते म्हणतात. “पिस्टनच्या दर दोन धावांत एकदा स्फोट होतो, झडपा नाहीत, त्या हलवणारा कॅमशाफ्ट नाही, तेलाची वेगळी टाकी नाही, पेट्रोलच्या पन्नास भागांत एक भाग तेल मिसळले की तेच इंधन आणि तेच वंगण. म्हणून दहा अश्वशक्तीची ही मोटार चौतीस किलोंच्या आसपास राहते, एका माणसाला ती फळीवरून उचलून घरात नेता येते, आणि गाडीत कुठल्याही कुशीवर आडवी ठेवली तरी बिघडत नाही. झडपा आणि तेलाचा वेगळा साठा असलेली फोर-स्ट्रोक चुकीच्या कुशीवर ठेवली, तर तळातले तेल सिलिंडरमध्ये शिरते.”

पुतणीला यातील एकही विधान खोडायचे नाही. तिचा आक्षेप त्या साधेपणाच्या किमतीवर आहे. “काका, झडपा नसल्या की जळालेला वायू बाहेर ढकलण्याचे काम आत येणाऱ्या ताज्या मिश्रणालाच करावे लागते, आणि ते काम करताना त्या मिश्रणातला मोठा भाग न जळताच मागच्या दाराने निघून जातो. जुन्या कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये असे वाया जाणारे इंधन पाव हिश्शापर्यंत, कधी त्याहूनही जास्त असते. टाकीत चार लिटर ओतले तर त्यातले एक लिटर तेलासकट सरोवरात गेले असे समजा, आणि त्याच सरोवरातला मासा घरी आणून तुम्ही तो तळता.”

हा आक्षेप केवळ भावनेचा नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ मध्ये आउटबोर्ड मोटारींच्या धुरावर मर्यादा घातल्या, त्या १९९८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाल्या, आणि २००८ च्या पुढच्या नियमांनंतर कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकना त्या देशातील नव्या मोटारींच्या बाजारात जागा उरली नाही. कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांच्या सीमेवरील टाहो सरोवरात तर अशा मोटारी चालवण्यावरच १९९९ मध्ये बंदी आली. जेथे बंदी नाही तेथे जुनी मोटार वापरणे कायदेशीर आहे, एवढे काकांच्या बाजूने म्हणता येते. पण जुन्या मोटारींचे भाग वर्षागणिक दुर्मीळ होत आहेत, आणि ज्या एव्हिनरूड नावाने हा सारा प्रकार रूढ केला त्या नावाच्या मोटारींचे उत्पादनही २०२० मध्ये थांबले, हे त्यांनाही नाकारता येत नाही.

पुतणीचा दुसरा मुद्दा अधिक जवळून पाहण्यासारखा आहे. मिनेसोटात ज्या माशासाठी माणसे मेच्या मध्यावर, पाणी अजून थंडगार असताना होड्या लोटतात, तो वॉलआय पकडण्याची तेथील रूढ रीत म्हणजे होडी उलटी, फळीकडून पुढे, ताशी दोन-तीन किलोमीटर वेगाने सरकवत गळ तळाशी ओढत नेणे. या रीतीत मोटारीचा दांडा धरून बसलेला माणूस वाऱ्याकडे तोंड करून असतो आणि मोटार त्याच्या व वाऱ्याच्या मधे असते, त्यामुळे टू-स्ट्रोकचा निळसर धूर तासन्‌तास थेट त्याच्या नाका-डोळ्यांत जातो. शिवाय इतक्या मंद गतीत प्लगवर तेलाची काजळी साचून इंजिन अडखळू लागते, आणि नेमका मासा टोचत असताना वेग वाढवून प्लग साफ करून घ्यावे लागतात. फोर-स्ट्रोक याच मंद गतीत तासन्‌तास संथपणे घुमते, आणि तिच्या आवाजावरून आवाज चढवल्याशिवाय दोन माणसे बोलू शकतात. काकांनी या मुद्द्यावर प्रतिवाद केला नाही, आणि प्रतिवाद करण्यासारखे त्यात काही नाहीही.

टू-स्ट्रोक मागे पडली म्हणून वाद मिटला असे मात्र झाले नाही, कारण पुतणीने लगेच वीस अश्वशक्तीच्या नव्या फोर-स्ट्रोकचे नाव पुढे केले आणि आधारासाठी होडीवरच्या धातूच्या पट्टीकडे बोट दाखवले. वीस फुटांपेक्षा लहान, एकसांगाडी मोटार-होडीवर अमेरिकेत अशी क्षमता-पट्टी सक्तीची आहे. होडीत किती माणसे, एकूण किती वजन आणि आउटबोर्ड असल्यास जास्तीत जास्त किती अश्वशक्ती, हे त्यावर लिहिलेले असते. हा आकडा कारखानदाराच्या मर्जीवर सोडलेला नसून तटरक्षक दलाच्या नियमातील हिशोबाने ठरतो. होडीची फुटांतली लांबी आणि फळीची फुटांतली रुंदी यांचा गुणाकार घ्यायचा. हाताने दांडा धरून चालवायच्या होडीत तो गुणाकार साडेबावन्नपेक्षा जास्त भरला, तर निमुळत्या तळाच्या होडीसाठी त्याला ०.८ ने गुणून २५ वजा करायचे, सपाट तळाच्या व धारदार कडांच्या होडीसाठी ०.५ ने गुणून १५ वजा करायचे, आणि उत्तर पुढच्या पाचाच्या पटीपर्यंत वाढवता येते. चौदा फूट लांब आणि चार फूट रुंद फळीच्या होडीचा गुणाकार ५६ येतो, म्हणजे निमुळत्या तळाला १९.८, अर्थात वीस अश्वशक्ती, आणि तेवढ्याच मापाच्या सपाट तळाला तेरा, अर्थात पंधरा.

“पट्टीवर वीस लिहिले आहे, मग दहावर का थांबायचे?” असे पुतणी विचारते, तेव्हा काकांचे उत्तर या संपूर्ण वादातले सर्वांत महत्त्वाचे आहे. “पट्टीवरचा आकडा ही छपराची उंची आहे, अगं, घरातल्या माणसाने तेवढे उंच असलेच पाहिजे असे कुठे आहे? त्या हिशोबात होडीची लांबी आली, रुंदी आली, पण फळीच्या टोकावर नेमके किती किलो लटकणार आहेत, दांडा धरणारा माणूस मागच्याच बाकावर बसणार आहे, आणि त्याच्या पायाशी पेट्रोलची टाकी असणार आहे, हे त्यात कुठे आले?”

येथे वेगाचे थोडे शास्त्र सांगणे आवश्यक आहे. पाणी बाजूला सारत चालणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाण्याला टेकलेल्या लांबीने बांधलेला असतो: त्या लांबीचे फुटांतले वर्गमूळ घेऊन त्याला १.३४ ने गुणले की वेगाची मर्यादा सागरी मैलांत मिळते. तेरा फुटांसाठी ती ताशी पावणेपाच सागरी मैलांच्या जरा वर, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटर भरते, आणि तेवढ्या वेगासाठी दोन-तीन अश्वशक्ती पुरे होतात. त्यापुढे जायचे तर होडीला स्वतःच्याच लाटेवर चढून पाण्याच्या पृष्ठावरून घसरावे लागते. या चढण्यालाच प्लेनिंग म्हणतात, आणि खरी ताकद लागते ती चढण्याच्या त्या काही क्षणांतच. ९.९ ची मोटार एकट्या माणसासह चौदा फुटी होडी चढवते, दोघे आणि त्यांचे सामान असले की तिची दमछाक होते. पंधरा दोघांना चढवते, आणि वीस तेच काम राखीव जोर ठेवून करते. म्हणजे पुतणीची मागणी हौसेची म्हणता येत नाही. सरोवराच्या पलीकडच्या काठापर्यंत दोघांनी जायचे तर ९.९ वर जितका वेळ लागतो त्याच्या निम्म्यात वीसवर काम होते, आणि आभाळ भरून आले असताना तो वेळ क्षुल्लक नसतो.

परंतु वजनाचा हिशोब मांडला की चित्र बदलते. होडीचा स्वतःचा सांगाडा शंभर किलोंच्या आसपास. फळीवर जुन्या चौतीस किलोंच्या जागी चव्वेचाळीस ते पन्नास किलोंची नवी मोटार. बटणाने सुरू होणारी घेतली तर वीस किलोंची बॅटरी. अकरा लिटरच्या भरल्या टाकीचे दहा किलो. आणि मागच्या बाकावर ऐंशी-नव्वद किलोंचा माणूस. होडीच्या रिकाम्या सांगाड्यापेक्षा कितीतरी अधिक वजन तिच्या शेवटच्या चार फुटांत गोळा होते. त्याचे परिणाम लगेच दिसतात: होडीचे पुढचे टोक, ज्याला आपल्याकडचे दर्यावर्दी नाळ म्हणतात, आभाळाकडे उठते आणि समोरचे पाणी दिसेनासे होते, चढण्याचा क्षण लांबतो, म्हणजे ज्या अश्वशक्तीसाठी वजन स्वीकारले तीच वजन उचलण्यात खर्ची पडते, आणि उलटी चालवताना, म्हणजे वॉलआयच्या त्या रूढ रीतीतच, पाण्यापासून जेमतेम वीतभर उंच राहिलेल्या फळीवरून लाट थेट आत येते. बॅटरी व टाकी लांब तारेने आणि नळीने नाळेकडे हलवणे, दांड्याला लांबी जोडून माणसाने मधल्या बाकावर बसणे, हे उपाय आहेत आणि ते करावेतच. पण मोटार स्वतः फळीवरून कुठेही हलवता येत नाही. या लेखाचा कल येथे निःसंशय काकांच्या बाजूने आहे. टू-स्ट्रोकबद्दल त्यांचा आग्रह चुकीचा होता, मात्र त्या आग्रहाच्या मुळाशी असलेले हलकेपणाचे मूल्य बरोबर होते, आणि ते मूल्य मोटार बदलली तरी बदलत नाही.

याच ठिकाणी बाजारातली एक गोष्ट ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही. ९.९ हा विचित्र आकडा रूढ होण्यामागे अनेक सरोवरांवर असलेली दहा अश्वशक्तीची मर्यादा आहे. मिनेसोटाच्या उत्तर सीमेवरील बाउंड्री वॉटर्स या संरक्षित जलारण्यातही १९७८ च्या कायद्याने मोजक्या सरोवरांवर दहा आणि काहींवर पंचवीसपर्यंतच मोटार चालते, बाकी सर्वत्र वल्ही. ही मर्यादा पाळण्यासाठी कारखानदारांनी दोन वाटा काढल्या. काही ९.९ मोटारी मुळातच लहान, सुमारे २१० घनसेंटिमीटरच्या असून सदतीस ते चाळीस किलोंत बसतात. काही मात्र पंधरा आणि वीस अश्वशक्तीच्याच ३३० घनसेंटिमीटरच्या आसपासच्या इंजिनाला आवळून ९.९ केलेल्या असतात, आणि त्यांचे वजन वीसइतकेच, म्हणजे चव्वेचाळीस किलोंच्या घरात राहते. झाकणावरचा आकडा एकच, पण पहिली हलकेपणासाठी घ्यावी आणि दुसरी केवळ कायद्याच्या मर्यादेसाठी. म्हणून दुकानात झाकणावरच्या आकड्याआधी माहितीपत्रकातील घनसेंटिमीटर आणि किलो वाचावेत, असे काका सांगतात, तेव्हा पुतणी त्यात भर घालते की, मर्यादा असलेल्या सरोवरावर कधीच जायचे नसेल आणि चव्वेचाळीस किलो पत्करायचेच असतील, तर त्या वजनाची वीस सोडून आवळलेली ९.९ घेण्यात काहीच अर्थ नाही. दोघांचे हे बोलणे परस्परविरोधी वाटले तरी एकच आहे.

इंधनाच्या प्रश्नावर पुतणी अधिक खोलात जाते. अमेरिकेत सर्रास मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा शोषते, आणि ओलावा एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी व इथेनॉल एकत्र येऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. होडीची मोटार आठवड्यात दोन-चार तास चालते, आणि ऑक्टोबर ते एप्रिल तर बंदच असते. लहान फोर-स्ट्रोकच्या कार्बोरेटरमधली मंद गतीची छिद्रे, धुराचे नियम पाळण्यासाठी, केसाएवढी बारीक केलेली असतात, आणि पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर आधी तीच बुजवतो. “जुन्या टू-स्ट्रोकचा कार्बोरेटर तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडून साफ केलात, काका, नव्या कार्बोरेटरच्या फोर-स्ट्रोकला तसे करायला गेलात, तर दर वसंतात तेच काम होऊन बसेल. म्हणून कार्बोरेटरऐवजी इंधन फवारणारी मोटार घ्यावी.” इंधन-फवारणी म्हणजे संगणकी नियंत्रणाने मोजून पेट्रोल थेट आतल्या हवेत फवारणे, लहान मोटारींत ती आता बॅटरीशिवाय, दोरी ओढताच निर्माण होणाऱ्या विजेवर चालते, त्यामुळे बॅटरीचे वीस किलो वाचवूनही थंडीत पहिल्या-दुसऱ्या ओढीला इंजिन उठते. काकांची शंका अशी की, फवारणीचा पंप किंवा नियंत्रक बिघडला तर काठावर पाना घेऊन काही करता येत नाही. ती शंका खरी आहे. मिनेसोटात होडीसाठी इथेनॉलविरहित उच्च प्रतीचे पेट्रोल विकत मिळते, आणि हंगाम संपताना ते भरून त्यात टिकाऊपणाचे रसायन मिसळले, तर दोन्ही प्रकारच्या मोटारींचे अर्धे दुखणे सुरूच होत नाही. या एका गोष्टीवर दोघांचे एकमत झाले.

जुनी मोटार घ्यायची झाल्यास काय पाहावे, यावर मात्र काकांइतके कोणी सांगू शकणार नाही, आणि नवी घेणाऱ्यालाही त्यातले बरेच उपयोगी आहे. गिअरपेटीच्या तळाचा स्क्रू सैल करून तेलाचा पहिला थेंब बोटावर घ्यावा: तो मधासारखा असेल तर ठीक, दुधाळ असेल तर सीलमधून पाणी आत शिरले आहे, आणि हिवाळ्यात ते पाणी गोठून पेटीच फोडते. इंजिन सुरू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार निघते का ते पाहावे. ती धार म्हणजे थंड पाणी आत फिरत असल्याची खूण, आणि ते फिरवणारी रबरी पंखी, जिला इंपेलर म्हणतात, दोन-तीन वर्षांनी न विचारता बदलावी. शेवटी शाफ्टची लांबी. लहान मोटारी मुख्यतः दोन मापांत येतात, पंधरा इंची आणि वीस इंची; फळीची उंची मध्यभागी, वरच्या कडेपासून तळापर्यंत मोजून त्याच्याशी जुळणारे माप घ्यावे, असे की पंख्याच्या वरची आडवी पाटी होडीच्या तळाला समपातळीत किंवा इंचभर खाली येईल. पंधरा इंचांच्या फळीवर वीस इंची शाफ्ट लावला तर तो पाण्यात नांगरासारखा ओढला जातो. उलट केले तर पंखा हवा गिळून नुसता भणभणतो. स्वस्तात मिळाली म्हणून चुकीच्या मापाची मोटार घरी आणणारे थोडे नाहीत.

या टप्प्यावर पुतणीने विजेच्या मोटारीचा विषय काढला, तो काकांना चिडवण्यासाठी नव्हे. पाण्यात तेल जाऊ नये हे तत्त्व शेवटपर्यंत नेले तर तिथेच पोचावे लागते, हे तिला दिसले म्हणून. या मोटारींचा साधा हिशोब असा मांडता येतो: लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ किलोवॅट-तास ऊर्जा असते, पण लहान इंजिनात तिचा मोठा भाग उष्णतेत जाऊन पंख्याच्या रेट्यापर्यंत सुमारे एकच पोचते, आणि विजेच्या लहान मोटारीची बॅटरीही जवळपास एक किलोवॅट-तासाची असते. म्हणजे अशी बॅटरी घेऊन निघणे हे लिटरभर पेट्रोल घेऊन निघण्यासारखे आहे. काठाकाठाने, नऊ किलोमीटरच्या मर्यादेच्या बरेच खाली राहून दिवसाचे काही तास गळ ओढायला ते पुरते. लाटेवर चढण्याचा प्रश्नच येत नाही. आश्चर्य म्हणजे काका या पर्यायाकडे पुतणीपेक्षा अधिक आस्थेने पाहू लागले, कारण लिथियमची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी अकरा-बारा किलोंचीच असते आणि, मुख्य म्हणजे, ती तार लांबवून थेट नाळेत ठेवता येते. “वजन पुढे नेता येणारी ही पहिलीच मोटार,” असे ते म्हणाले, आणि त्यात त्यांच्या आग्रहाचे सार होते.

पुतणीनेच मग स्वतःच्या पर्यायाची सीमा आखली. राज्यातील मील लॅक्स सरोवर सुमारे ५३६ चौरस किलोमीटरचे, मोठ्या विस्ताराच्या मानाने उथळ आणि चहूबाजूंनी उघडे आहे. तेथे वारा उठला की तासाभरात पांढऱ्या शेंड्यांच्या लाटा येतात, आणि चार किलोमीटर वाऱ्याविरुद्ध परतायचे असताना बॅटरीचा काटा लालीत असणे हे गैरसोयीपलीकडचे आहे. लहान, झाडांनी वेढलेल्या सरोवरावर बॅटरी, मोठ्या पाण्यावर पेट्रोल: असा विभाग पडतो, आणि दोघांना दोन्हीकडे जायचे असल्यामुळे निवड पुन्हा फोर-स्ट्रोकवर, पण आता वीसवर नव्हे, २१० घनसेंटिमीटरच्या हलक्या ९.९ आणि ३३० च्या पंधरा यांच्यामध्ये येऊन थांबली. आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्यांना याच जातीच्या मोटारी लागतात, पण तेथे जाळे आणि भरलेली मासळी ओढायची असते, खारे पाणी सोसायचे असते आणि फेऱ्या पोटासाठी असतात. तिथला हिशोब इथे आणून बसवणे दोन्ही किनाऱ्यांवर अन्यायाचे होईल.

पंधरा की ९.९, यावर दोघांचे जमेना. पुतणी म्हणे, पाच-सहा किलोंच्या फरकासाठी दोघांना लाटेवर चढवणारी मोटार सोडू नये. काका म्हणत, पाच-सहा किलो हे तिच्या हातातल्या माहितीपत्रकातले, फळीच्या दृष्टीने तो लाटेवर आदळणाऱ्या होडीत दर क्षणाला पडणारा घाव आहे. मोटारीचे वजन आणि पंख्याचा रेटा हे दोन्ही फळी एकटी झेलते, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या बऱ्याच होड्यांत ती नुसत्या पत्र्याची नसून दोन पत्र्यांमध्ये किंवा पत्र्याच्या आतल्या अंगाला बसवलेल्या प्लायवुडची असते. हे म्हणता म्हणता त्यांनी मोठा स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या लाकडी मुठीने फळीवर कडेपासून मध्याकडे ठोकत गेले. कडेला आवाज खणखणीत आला. मध्याजवळ, जुन्या मोटारीच्या दाबस्क्रूंनी पाडलेल्या दोन गोल खड्ड्यांच्या खाली, तो ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा बसका झाला. वरची अ‍ॅल्युमिनियमची टोपी काढली, तेव्हा आतले प्लायवुड काळे पडून पदर-पदर सुटले होते, आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक जोर न लावता दोन बोटे आत गेले.

अशा फळीवर ९.९ टांगावी की पंधरा, हा प्रश्नच निरर्थक होतो, कारण दोन्हींनी ती हंगामाच्या आत सोडली असती, आणि मोटार सरोवराच्या तळाशी गेली असती. दुरुस्ती कठीण नाही: कुजलेले लाकूड पुठ्ठ्याच्या साच्यासारखे जपून बाहेर काढायचे, त्याचीच आकृती नव्या प्लायवुडवर उतरवायची, पाऊण इंचाचे दोन थर एकमेकांना चिकटवायचे, सर्व कडांना आणि प्रत्येक भोकाच्या आतल्या अंगाला इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यायचे आणि स्टेनलेसच्या बोल्टांनी पक्के करायचे. एका चुकीपासून मात्र काकांनी पुतणीला वेळीच अडवले. ती वाळवी-बुरशीला न भिणारे, दाबाखाली औषध मुरवलेले बांधकामाचे लाकूड आणायला निघाली होती, आणि त्या औषधात तांबे असते; ओलाव्यात तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते, म्हणजे फळी वाचवताना होडीच खाल्ली जाते. साधे, जलरोधक डिंकाने जोडलेले मरीन प्लायवुड आणायचे ठरले.

हंगाम सुरू व्हायला तीन आठवडे होते. नवी फळी बसली, इपॉक्सी कडक झाले, आणि पुतणीने टेप लावून मध्यावरची उंची पुन्हा मोजली: पंधरा इंच, जुन्याइतकीच. दुकानात न्यायच्या चिठ्ठीवर तिने पहिल्या ओळीत शाफ्टचे माप लिहिले, दुसऱ्या ओळीत ‘बेचाळीस किलोंच्या आत’ असे लिहून त्याखाली रेघ ओढली, आणि अश्वशक्तीची ओळ कोरी ठेवून चिठ्ठी काकांच्या हातात दिली.